घटनेत स्नानघाट का आहे?

आपल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द आहेत. सरकारी पैशातून राखलेल्या या जागा वापरण्यापासून केवळ धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान पाहून कुणालाही अडवता येणार नाही, असं ते कलम सांगतं. सातवीला नागरिकशास्त्र शिकवताना मी कित्येक वर्षं ते एका ओळीत उरकलं: समानतेचा हक्क, कलम १४ ते १८. मुलं लिहून घ्यायची. परीक्षेत सहा हक्कांची नावं ओळीने उतरायची आणि पूर्ण गुण मिळायचे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य तोंडपाठ असलेला तो वर्ग वर्षभर माझ्यापुढे गप्प बसायचा. याचं मला काही वाटत नव्हतं, आणि तीच माझी चूक होती.

मग एका मुलीने विचारलं, ‘सर, एवढ्या मोठ्या घटनेत स्नानघाट कशाला?’

उत्तर महाडला होतं. १९२३मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच दिवशी परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. कोर्टकज्जा चालला तो १९३७पर्यंत. तेव्हा उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

हे सांगितलं तेव्हा वर्गात कुणी वहीत मान घालून बसलं नव्हतं. तळ्याचं पाणी सगळ्यांना दिसत होतं. त्यानंतर कलमाचा नुसता क्रमांक सांगून मी पुढे कधी गेलो नाही. प्रत्येक हक्काआधी दोन प्रश्न: हे कुणी मागितलं होतं आणि कुणी नाकारलं होतं?

मात्र महाडबद्दल वर्गात मतभेद होत नाहीत. तिथे न्याय कुणाच्या बाजूला आहे हे मुलांना लगेच कळतं. म्हणून मी दुसरी गोष्ट केरळची घेतो. १९८५मध्ये तिथल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या यहोवा साक्षीदार पंथाला ते मान्य नव्हतं. केरळ उच्च न्यायालयात ती हरली. इथे मी थांबतो. पुढचा निकाल सांगत नाही, वर्गालाच न्यायाधीश करतो.

आवाज चढतात. बहुतेक मुलं शाळेची बाजू घेतात, त्यात वावगं काही नाही. ती रोज परिपाठात राष्ट्रगीत मनापासून म्हणतात. कुणीतरी हळूच विचारतं, उभं राहणं हा आदर नाही का? एखादी मुलगी म्हणते, न बोलणं हेही बोलण्याच्या स्वातंत्र्यात येत असेल. मग मी सांगतो की १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने भावंडांना शाळेत परत घ्यायला लावलं. गाण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता, आणि त्यांना काढून टाकल्याने कलम १९ व २५चा भंग झाला होता.

हा तास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्याला न पटणाऱ्याचाही हक्क असतो, हे त्या तासाला मुलं कष्टाने, थोडं चिडूनच स्वीकारतात. परिपाठात उद्देशिका रोज म्हटल्याने शब्द ओठांवर बसतात, आणि ते हवंच. पण ज्या वर्गात शिक्षकाला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, तिथे विचारस्वातंत्र्य हा एक पाठ करायचा शब्द उरतो.

गेल्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. ‘सर, मला तो निकाल चुकीचा वाटतो. असं पेपरात लिहिलं तर गुण कापाल?’

‘कारणं दिलीस तर नाही.’

‘आणि दहावीला? बोर्डाच्या पेपरात?’

मी स्वतः नमुना उत्तरं समोर ठेवून गठ्ठेच्या गठ्ठे तपासले आहेत. तो दारात उभा राहून वाट पाहत होता, आणि मला ‘नाही’ म्हणता येईना.