आधी कान, मग चिमटा

विडंबन शिकवायचे म्हणजे थट्टा शिकवायची, असा समज आहे. थट्टा मुलांना येतेच. शिकवावे लागते ते ऐकणे.

इंदूरच्या मराठी घरातला मुलगा. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, मराठी आजीपुरती. पण आजीमुळे रामदासांचे मनाचे श्लोक पाठ. त्याला सांगावे, त्याच चालीत सराफ्यावर, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारावर, एक ओळ लिही. तो लिहितो, 'सराफ्यात रात्री गरम गराडू.' (गराडू म्हणजे तिथला तळलेला कंद.) अक्षरे मोजतो, बारा भरतात. म्हणायला जातो तर जीभ 'गरम'वर अडते. मनाच्या श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात, त्यात दर तीन अक्षरांत पहिले लघू, पुढची दोन गुरू. 'गरम'ची तिन्ही लघू. मांडीवर ठेका धरून तो पुन्हा म्हणतो, खोडतो, लिहितो, 'सराफ्यात रात्री गराडू मिळाले.' ओळ चालू लागते. गणांचे कोष्टक घोकून जे उमगले नसते, ते गराडूने उमगवले.

यात रामदासांना कोणी हसले नाही. साच्यात स्वतःचे पीठ घालून पाहिल्यावर मूळ कारागिराचा हात कळतो, एवढेच.

'केशवकुमार' या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह देणारे आचार्य अत्रे पेशाने शिक्षक होते. त्या काळच्या रविकिरण मंडळाच्या कवींच्या लकबी त्यांनी नेमक्या टिपल्या. इतके नेमके टिपायला त्या कविता आधी कानात मुराव्या लागतात. पुढे याच अत्र्यांनी मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' घडवली. मला ही दोन कामे एकाच कानाची वाटतात.

वर्गात दोनच नियम असावेत. जी कविता पाठ नाही, तिचे विडंबन करू नये. चिमटा लकबीला काढावा. माणसाच्या रूपाला, जातीला, गरिबीला कधीही नाही. पहिला नियम आळस घालवतो, दुसरा क्रौर्य.

विडंबन जमले की मूळ कविता पुन्हा वाचावीशी वाटते. तसे वाटले नाही, तर जमले ते नुसते यमक.

इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली. मांडव उतरतात. भाषा उरते ती मुलांच्या जिभेवर. तेव्हा येत्या रविवारी घरातल्या मुलाला एक श्लोक म्हणून दाखवा, आणि त्याच चालीत त्याची स्वतःची एक ओळ मागा.