न गोठलेली नदी

व्होल्गा नदीच्या पश्चिम काठावर, नमद्याच्या तंबूत, एक कल्मिक आजी चहा उकळत होती. दूध, मीठ आणि वर लोण्याचा गोळा. तेवढ्यात नातू रडवेला होऊन आत शिरला. बाजारात एका तातार पोराने त्याला चिडवलं होतं, "कल्मिक म्हणजे मागे उरलेले! तुमचे शूर लोक मायदेशी गेले, भित्रे इथेच राहिले."

(अभ्यासक म्हणतात, हे नाव ते लोक मायदेशी जाण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होतं. पण टोमणा मारणारा व्युत्पत्ती तपासत बसत नाही.)

ही माणसं मूळची तोर्गूत, म्हणजे ओइरात मंगोलांची एक शाखा. 1630च्या सुमारास ती झुंगारियाची कुरणं सोडून इथे आली. पुढे रशियाची महाराणी कॅथरीन हिच्या लढायांसाठी त्यांचे घोडेस्वार मागितले जाऊ लागले, कुरणांवर परके वसवले जाऊ लागले. तेव्हा उबाशी खानाने परतायचं ठरवलं. 1771च्या जानेवारीत दीड लाखाहून अधिक माणसं पूर्व काठावरून गुरांसकट निघाली. भूक, तहान आणि वाटेवरचे कझाकांचे हल्ले यांतून जेमतेम निम्मी चीनच्या हद्दीत पोहोचली.

शेजारचे म्हातारे दादा तंबूतच बसले होते. ते उसळले. "भित्रे कसले? आम्ही शहाणे होतो! पुढचं ओळखलं होतं, म्हणून पाऊल उचललं नाही. गेले ते वाळवंटात मेले."

पोराचा चेहरा उजळला. आजीने डाव खाली ठेवला.

"दादा, त्या रात्री तुमचे उंट कुणी लादले होते?"

दादा गप्प.

"माझेही लादलेले होते," आजी नातवाकडे वळली. "तंबू उतरवून आम्ही काठावर बसलो होतो. नदी गोठली की पलीकडच्यांना मिळायचं, असं ठरलं होतं. रोज पहाटे मी काठी टेकवून बघायची. कडेला पापुद्र्याएवढा बर्फ, मध्ये वाहतं पाणी. पलीकडे माझी बहीण होती. एका पहाटे तिकडचा धूर दिसेना. ती पोहोचली की नाही, अजून ठाऊक नाही."

"म्हणजे तू जाणार होतीस?"

"सगळ्यांच्या पुढे."

"आणि दादा?"

"दादा माझ्या मागे. शहाणपण त्यांना नंतर आलं, मेलेल्यांची बातमी आल्यावर."

दादांनी चहाच्या वाटीत पाहत मान हलवली. नाकारलं नाही, एवढं खरं.

पोर घोटाळलं. भित्रे नाहीत, शहाणे नाहीत, मग उद्या बाजारात त्या मुलाला उत्तर काय द्यायचं?

आजीने त्याच्या वाटीत लोण्याचा आणखी एक गोळा टाकला.

"सांग त्याला, त्या वर्षी थंडी कमी पडली होती."