यमधर्माला विचारलेला प्रश्न

देवदर्शनासाठी येणाऱ्या भाविकांत कोणी नवस फेडावयास आलेला असतो, कोणी लेकराच्या जावळासाठी, तर कोणी केवळ वारीचा नेम चुकू नये म्हणून. त्याच रांगेत काही माणसे अशीही उभी असतात की ज्यांच्या घरातून नुकतेच कोणी अकाली गेलेले असते. ती फारसे बोलत नाहीत. गाभाऱ्यासमोर आल्यावर त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, 'आमच्या हातून असे काय पाप घडले?' आणि बहुधा या प्रश्नाचे उत्तर आप्तेष्टांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना आधीच देऊन ठेवलेले असते. पूर्वजन्मीचे भोग, प्रारब्ध, कर्माचे फळ. सांत्वनासाठी उच्चारलेले हे शब्द दुःखिताच्या कानी मात्र आरोपासारखे पडतात.

ईश्वरी न्याय आणि मानवी मृत्यू यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. पण तो जितक्या निर्भयपणे महर्षी व्यासांच्या महाभारतात झाला, तितका अन्यत्र क्वचितच आढळतो. तेथे कर्मसिद्धान्त आहेच. परंतु न्याय देणाऱ्या देवतेलाच जाब विचारणारा माणूसही तेथे आहे. ती कथा आदिपर्वात आहे. विदुर हा मनुष्यरूपाने जन्मलेला साक्षात धर्म होय, असे ऐकल्यावर राजा जनमेजय वैशंपायनांना विचारतो की, धर्मावर असा प्रसंग का यावा? उत्तरादाखल वैशंपायन मांडव्य ऋषींची हकीकत सांगतात.

मांडव्य आपल्या आश्रमाच्या दाराशी एका वृक्षाखाली हात वर करून तप करीत उभे असत. त्यांनी मौनव्रत धरले होते. एके दिवशी पाठलागाने घाबरलेले चोर चोरीच्या मालासह आश्रमात शिरून लपले. मागोमाग राजाचे रक्षक आले. चोर कोणत्या वाटेने गेले, असे त्यांनी विचारले. ऋषींनी मौन सोडले नाही. झडती घेता चोरही सापडले आणि मालही. हा तपस्वी त्यांचा साथीदारच असला पाहिजे, असा संशय धरून रक्षकांनी त्यांनाही बांधून नेले, आणि राजाने सर्वांबरोबर त्यांनाही सुळी देण्याची आज्ञा केली.

सुळावर अन्नपाण्यावाचून राहूनही मांडव्यांचे प्राण गेले नाहीत. रात्री इतर ऋषी पक्ष्यांची रूपे घेऊन त्यांना भेटावयास आले आणि कोणत्या पापाचे हे फळ म्हणून विचारू लागले. तेव्हा मांडव्य म्हणाले की, दोष कोणाला देऊ? दुसऱ्या कोणी माझा अपराध केलेला नाही. पुढे राजाला सत्य कळले. त्याने पाय धरून क्षमा मागितली, आणि ऋषींनी त्याला क्षमा केली. सूळ मात्र शरीरातून निघेना. तेव्हा तो बाहेरून कापून टाकावा लागला. आतले टोक तसेच राहिले. ते अंगात वागवीतच हा ऋषी पुढे आयुष्यभर हिंडला आणि अणीमांडव्य या नावाने ओळखला गेला.

राजाला क्षमा करून कथा येथे संपली असती, तर ती सहनशीलतेची एक चांगली गोष्ट ठरली असती. परंतु मांडव्य तेथे थांबत नाहीत. ते यमधर्माच्या सभेत जातात. आसनावर बसलेल्या त्या देवतेला ते विचारतात की, माझ्या नकळत माझ्या हातून असे कोणते कर्म घडले, की ज्याचे हे फळ मला भोगावे लागले? यमधर्म उत्तर देतो की, तू पूर्वी लहान कीटकांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. प्रचलित प्रतींत तो आणखी असेही समर्थन करतो की, ज्याप्रमाणे दिलेले अल्प दान अनेक पटींनी वाढून फळते, त्याप्रमाणे अधर्मही अनेक पटींनी वाढून दुःख देतो.

युक्तिवाद ऐकावयास बिनतोड वाटतो. दानाचे पुण्य शतगुणित होते हे ज्याला आवडते, त्याने पापाचे गणितही तसेच मानावयास नको काय? मांडव्य या हिशेबावर वाद घालीत नाहीत. ते एवढेच विचारतात की, हे मी केव्हा केले? बालपणी, असे उत्तर येते. चतुर पकडून त्याच्या शेपटीला दोरा बांधणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला हा अपराध कोणत्या जातीचा ते निराळे सांगावयास नको. कीटकाच्या वेदना खऱ्या असतात, यात शंका नाही. पण त्या मुलाला त्या समजत नाहीत, हेही तितकेच खरे.

येथे ऋषी न्यायदेवतेलाच शिक्षा सुनावतात. अल्प अपराधाला तू प्रचंड दंड दिलास, म्हणून तुला शूद्र योनीत मनुष्य होऊन जन्मावे लागेल. आणि त्याचबरोबर ते जगासाठी एक मर्यादा घालून देतात की, वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत घडलेल्या कर्माचे पातक लागणार नाही. त्यानंतर करणाऱ्यालाच दोष लागेल. महाभारतात यमधर्म हा शाप परतवून लावीत नाही.

या मर्यादेचे महत्त्व सहज ध्यानात येणारे नाही. अलीकडच्या काळात, १८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानले नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्याची समज पाहावी असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही तरतूद कायम ठेवली आहे. महाभारताने हीच गोष्ट परलोकीच्या न्यायासाठी मागितली, आणि तीही देवाकडून कृपा म्हणून नव्हे, तर एका पीडित माणसाच्या तोंडून नियम म्हणून.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. एखाद्या कुळातील जन्म हाच दंड समजावा, ही या शापातील कल्पना आजच्या वाचकाला टोचल्यावाचून राहणार नाही, आणि ती टोचावी हेच योग्य. देवाच्या अन्यायाचे माप काढणाऱ्या ऋषीला समाजातील हा अन्याय दिसला नाही. कथेने पुढे जे केले ते मात्र विलक्षण आहे. दासीच्या पोटी आलेल्या त्या विदुराच्या तोंडीच तिने कुरुकुळातील सर्वांत शहाणी वाणी घातली. जन्मामुळे त्याला राज्य नाकारले गेले. द्यूताला त्याने विरोध केला, तो कोणी ऐकला नाही. भरसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला आणि मोठमोठे वीर खाली मान घालून बसले, तेव्हा सभासदांनो उत्तर द्या, गप्प राहणाऱ्यालाही अधर्माचा वाटा लागतो, असे बजावणारा विदुरच होता. वरून न्याय देणाऱ्याला खाली येऊन न्याय मागावा लागला, आणि तो मिळत नाही हे उघड्या डोळ्यांनी पाहावे लागले. महाराष्ट्रात विदुराघरच्या कण्या घरोघरी ठाऊक आहेत. त्या कण्या श्रीकृष्णाने ज्याच्या घरी गोड करून घेतल्या, तो यजमान एकेकाळी प्राणिमात्रांचा हिशेब ठेवीत होता, याची आठवण क्वचितच काढली जाते.

आता मृत्यूकडे वळू. अनुशासनपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर शरपंजरी पडलेल्या भीष्मांना म्हणतो की, आपली ही अवस्था पाहून माझ्या जिवाला शांती नाही. त्यावर भीष्म त्याला गौतमी नावाच्या वृद्ध ब्राह्मणीची कथा सांगतात. तिचा मुलगा सर्पदंशाने मरण पावतो. अर्जुनक नावाचा एक व्याध त्या सर्पाला दोरीने बांधून तिच्यापुढे आणतो आणि विचारतो, याला कसा मारू? जाळू, की तुकडे करू? गौतमी म्हणते, सोडून दे त्याला. हा मेल्याने माझा मुलगा जिवंत होणार नाही. व्याधाला ते पटत नाही. एक सर्प मारल्याने पुष्कळांचे प्राण वाचतील, असा त्याचा मुद्दा आहे, आणि तो काही मूर्खपणाचा नाही.

इतक्यात सर्प बोलू लागतो. माझा काय दोष? मला मृत्यूने पाठविले. मग मृत्यू प्रकट होऊन म्हणतो, वारा ढगांना जसा इकडे तिकडे नेतो, तसा काळ मला नेतो. शेवटी काळ येतो आणि सांगतो की, मी नव्हे, मृत्यू नव्हे, सर्पही नव्हे. या बालकाचे स्वतःचे कर्मच याला कारण झाले.

कथा सांगणारे बहुधा काळाच्या या वाक्यापाशी थांबतात, आणि 'ज्याचे कर्म त्याला' हेच तात्पर्य श्रोत्यांच्या हाती देतात. कथेचा क्रम मात्र दुसरेच काही सांगतो. सर्पाला सोड, हे गौतमीने काळ येण्यापूर्वी, मृत्यू येण्यापूर्वी, सर्प तोंड उघडण्यापूर्वीच सांगितले होते. मुलाच्या मृत्यूचे कारण तिला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि तिच्या करुणेला ते ठाऊक असण्याची गरजही पडली नाही. काळाचे उत्तर ऐकल्यावर तिने ते मान्य केले, आणि माझेही कर्म असेच असले पाहिजे, असे ती म्हणाली. हे शब्द तिने स्वतःविषयी उच्चारले. व्याधाने तिला ते ऐकविले नाहीत. मांडव्यांनीही, दुसऱ्या कोणाचा अपराध नाही, हे स्वतःच्याच तोंडाने म्हटले होते. दुःखात बुडालेला माणूस आपले ओझे पेलण्यासाठी कर्माचा आधार घेतो, तेव्हा ती त्याची तपश्चर्या असते. तेच शब्द सुखात बसलेला दुसरा माणूस त्याच्याविषयी उच्चारतो, तेव्हा तो यमधर्माच्या आसनावर बसू पाहतो. त्या आसनावरून प्रत्यक्ष यमधर्माचाही निवाडा चुकला होता!

मृत्यूची देवताही महाभारतात निर्दय रंगविलेली नाही. शांतिपर्वात भीष्मांनी तिच्या जन्माची कथा सांगितली आहे. प्रचलित प्रतींत ती द्रोणपर्वातही, अभिमन्यूच्या वधानंतर शोकाकुल युधिष्ठिराला सांगितलेली आढळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत तिचे स्थान शांतिपर्वात आहे. प्राण्यांची संख्या इतकी वाढली की कोणाला श्वास घेण्यास जागा उरली नाही, तेव्हा ब्रह्मदेवापासून लाल वस्त्रे नेसलेली एक स्त्री प्रकट झाली. सर्वांचा संहार कर, मूर्खांचा आणि पंडितांचाही, अशी तिला आज्ञा झाली. ती रडू लागली. ब्रह्मदेवाने तिचे अश्रू आपल्या ओंजळीत धरले. आईबापांपासून मुले, भावांपासून भाऊ मी कसे तोडू, असे म्हणत ती तपाला निघून गेली आणि युगानुयुगे एका पायावर उभी राहिली, केवळ हे काम टळावे म्हणून. ते टळले नाही. तुला अधर्म लागणार नाही, असे तिला आश्वासन मिळाले, आणि तिचे ते अश्रूच पुढे प्राणिमात्रांचे रोग झाले.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घराबाहेर दक्षिणेकडे ज्योत करून जो दिवा लावला जातो, तो यमासाठी असतो. भाऊबीजेला यम आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवावयास गेला, अशी समजूत आहे. ज्याचे नाव घेण्यास लोक भितात, त्याला वर्षातून एकदा बहिणीच्या पाटावर बसविणाऱ्या परंपरेने या देवतेला कधीच केवळ दंडधारी मानले नाही.

विदुराचा अंत आश्रमवासिकपर्वात आहे. युद्धाला पुष्कळ वर्षे उलटून गेली होती. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात राहत होती आणि विदुरही त्यांच्याबरोबर गेला होता. पांडव भेटीला आले तेव्हा त्याने अन्न सोडले होते. शरीराचा सांगाडा झाला होता. युधिष्ठिराला पाहताच तो वळून घोर अरण्यात निघाला. राजा एकटाच हाका मारीत त्याच्यामागे धावला, मी युधिष्ठिर, आपला लाडका. शेवटी विदुर एका झाडाला टेकून उभा राहिला. त्याने युधिष्ठिराच्या डोळ्यांत आपले डोळे रोखले आणि काही न बोलता योगबलाने तो त्याच्या देहात प्रविष्ट झाला. धर्माचा अंश धर्माच्या पुत्रात गेला, असे पुढे व्यासांनी सांगितले. झाडाशी उभे असलेले शरीर तसेच होते, डोळे उघडे. युधिष्ठिर अग्निसंस्काराची तयारी करू लागला, तेव्हा, हा यतिधर्माने गेला आहे, याचे दहन करू नकोस, अशी वाणी झाली. तो परत आला आणि त्याने धृतराष्ट्राला सर्व हकीकत सांगितली. वृद्ध राजाने त्यांच्यापुढे पाणी, कंदमुळे आणि फळे ठेवली. ती खाऊन पांडवांनी ती रात्र झाडांखाली काढली.