‘घरीं न्या’

वैद्यानें रोग्यास मरण द्यावें कीं न द्यावें, हा प्रश्न शहरांत वादसभेचा विषय होतो. आमच्या बीड जिल्ह्यांत तो निराळ्याच वेषांत येतो. डॉक्टर खोलीबाहेर येतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ‘आतां घरीं न्या.’ उपाय संपले म्हणून न्यावयाचें, कीं पैसे संपले म्हणून, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलें नाहीं म्हणून कोणी सांगतही नाहीं.

ह्या विषयावरील आपल्या कायद्याचा उगम मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं अत्याचार झाला; मेंदूस इजा होऊन त्या सुमारें ४२ वर्षें तेथेंच पडून होत्या. पिंकी विराणी ह्यांनीं त्यांना अन्न भरविणें थांबविण्याची परवानगी मागितली. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारली. मात्र अशा रोग्याचे जीव धरून ठेवणारे उपचार उच्च न्यायालयाच्या संमतीनें थांबविण्याची वाट मोकळी केली. औषध टोंचून मारणें निषिद्ध होतें, तें निषिद्धच राहिलें. त्या निकालांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. अरुणाबाईंच्या वतीनें बोलण्याचा अधिकार न्यायालयानें त्यांना भरविणाऱ्या, त्यांचें अंग पुसणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गास दिला, आणि त्यांना तर बाई हव्या होत्या! १८ मे २०१५ रोजीं त्या गेल्या.

पुढें ९ मार्च २०१८ च्या निकालानें आगाऊ लिहून ठेवलेलें इच्छापत्र ग्राह्य ठरलें, व २४ जानेवारी २०२३ रोजीं त्याची रीत सोपी झाली. तरीही उपचार करणारा डॉक्टर आणि पांच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ ह्यांचें एक मंडळ, व त्यावर दुसरें मंडळ, एवढें हवेंच. अंबाजोगाईस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथें हें जुळेल. आष्टी-पाटोद्याकडील लहानशा दवाखान्यांत तज्ज्ञ आणावे कोठून?

ह्याहून पुढें जाऊन डॉक्टरच्या हातीं मृत्यूची सुई द्यावी, असें म्हणणारे सहृदय आहेत, ह्याविषयीं मला शंका नाहीं. पण म्हातारी ‘मला सोडवा’ म्हणते, तेव्हां ती वेदनेस कंटाळलेली असते, कीं मुलानें गहाण टाकलेल्या जमिनीस? वेदनेवर मॉर्फिन आहे. २०१४ सालीं कायदा सुधारून तें मिळण्याची वाटही सुकर केली आहे. गहाणावर डॉक्टरजवळ औषध नाहीं. म्हणून तिच्या शब्दास तिची खरी इच्छा समजून त्यानें सुई उचलणें मला भयंकर वाटतें. निष्फळ यंत्र बंद करणें वेगळें. तेथें माणसास रोग नेतो.

माझे मामा अखेरच्या दुखण्यांत एका रुग्णालयांत होते. डॉक्टरांनीं आम्हांस बसविलें आणि म्हणाले, ‘पैशाची गोष्ट बाजूस ठेवा. तुम्ही लक्षाधीश असतां, तरी मी हेंच सांगितलें असतें.’ मग दुखूं नये म्हणून काय द्यावयाचें, केव्हां द्यावयाचें, तें मामीला दोनदां समजावून सांगितलें. मामा घरीं नऊ दिवस होते.

मामी अजून कधीं कधीं विचारते, ‘आणखी चार दिवस तेथेंच ठेवलें असतें तर?’ मग आम्ही तिला डॉक्टरांचें तें वाक्य पुन्हां सांगतों.