आधी बघू, मग मोजू

रात्रभर बर्फ पडला की ते सकाळी डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. ताज्या भुसभुशीत बर्फात हवेचे बारीक कप्पे असतात, ते आवाज शोषून घेतात. रस्ता तोच, गाड्या त्याच, पण सगळं दुलईखालून ऐकू यावं तसं. आम्ही राहतो ते बर्लिंग्टन अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आहे. इथे वर्षाला सरासरी दोन मीटरहून जास्त बर्फ पडतो. त्यामुळे ही शांतता माझ्या चांगलीच ओळखीची झाली आहे. ती कानावर पडली की डोळे उघडायच्या आत डोक्यात हिशोब सुरू होतो. किती इंच पडला असेल? फावडं कुठे ठेवलंय? अर्धा तास लवकर निघावं लागेल का? शाळेला सुट्टी दिली असली तर मुलाला कुणाकडे ठेवायचं? एवढ्यात पायाशी काहीतरी हलतं. आमची मनी उठलेली असते. आधी पुढचे दोन पाय लांब करायचे, मग पाठीची कमान, मग मागचा एकेक पाय ताणून झटकायचा. हे सगळं यथासांग झाल्याशिवाय ती पलंगावरून उतरत नाही. उतरली की हीटिंगची ऊब जमिनीतल्या ज्या जाळीतून वर येते, तिथे क्षणभर थांबते आणि मग खिडकीत जाऊन बसते. माझ्या आजोळी थंडीच्या दिवसांत मांजर चुलीच्या कडेला राखेजवळ झोपायचं. पहाटे आजी राख काढायला आली की नाइलाजाने उठायचं. इथे चूल नाही, पण उबेची जागा मांजराला बरोबर सापडते.

खिडकीतली मनी बघत राहावं अशी असते. चहाचं आधण ठेवून मी तिच्याशेजारी उभी राहते. बाहेर अजून निळसर अंधार असतो. रस्त्यावरच्या दिव्याखालून उतरणारा बर्फ तेवढा दिसतो. ती त्यातला एक कण निवडते, मान त्याच्याबरोबर खाली खाली आणते, तो दिसेनासा झाला की मान वर आणि दुसरा कण. मिशा पुढे आलेल्या असतात. कान मात्र वेगळ्याच कामात, एक काचेकडे तर एक मागे स्वयंपाकघराकडे. मला जी शांतता वाटते, ती तिच्यासाठी शांतता नसणारच. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६०,०००च्याही वरचे. एका सकाळी तिने फारच हट्ट धरला म्हणून मी मागचं दार किलकिलं केलं. पायरीवर मऊ ढीग साचला होता. तिने आधी वास घेतला. मग एक पंजा टेकवला. तो आत रुतला, तशी तिने तो उचलून तीनदा झटकला. मला वाटलं, आता वळेल. ती वळली नाही. तोच पंजा तिने पुन्हा त्याच जागी ठेवला, या वेळी जरा जास्त वेळ. मग शांतपणे आत आली आणि जाळीवर बसून पंजा चाटून कोरडा केला. बर्फाचं तिला काय कळलं ते तिचं तिला ठाऊक. पण तिने तो हात लावून पाहिला होता. दाराच्या फटीतून थंडी आत येत होती आणि मी अजून इंचच मोजत उभी होते.

सवय झाली की आपल्याला वस्तू दिसत नाही, तिच्यामागचं काम दिसतं. बर्फ म्हणजे फावडं. पाऊस म्हणजे छत्री आणि उशिरा येणारी लोकल. घरचं माणूस दारात आलं की त्याच्या हातातली पिशवी आधी दिसते, चेहरा नंतर. यात कुणाची चूक नाही, संसार चालवायचा तर हिशोब लागतोच. पण काम आणि बघणं एकाच माणसात सुखाने नांदू शकतं, हे मला इथल्याच एका शेतकऱ्याने शिकवलं. आमच्या गावापासून जवळच जेरिको म्हणून गाव आहे. विल्सन बेंटली तिथला. गाईगुरांचं घर होतं, म्हणजे बर्फ पडला की त्याचं काम आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आईने दिलेल्या सूक्ष्मदर्शकातून पोरवयात त्याने बर्फाचा कण पाहिला आणि तो जन्मभर त्यातच रमला. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने एका हिमकणाचा फोटो काढला. पुढे आयुष्यभरात त्याने असे पाच हजारांहून जास्त फोटो घेतले. त्याची पद्धत किती हळुवार होती! थंडगार खोलीत उभं राहायचं. काळ्या फळीवर कण झेलायचे. त्यातला एक बारीक काडीने उचलून काचेवर ठेवायचा आणि पिसाने अलगद सपाट करायचा. नुसता श्वास लागला तरी कण विरघळणार, म्हणून श्वासही रोखून धरायचा. जेरिकोतल्या जुन्या लाल गिरणीत त्याचे फोटो मांडले आहेत. बहुतेक कणांना सहा बाजू, आणि नक्षी दरवेळी निराळी. मी ते पाहत होते, पण डोळ्यांपुढे सारखा तो श्वास रोखून उभा असलेला मुलगा येत होता. गोठ्याकडची वाट त्यानेही साफ केलीच असेल.

तेव्हापासून बर्फाच्या सकाळी मी एक करते. फोन उशाशीच राहू देते आणि पहिली पाच मिनिटं मनीच्या शेजारी बसते. थोड्या वेळाने ती आपणहून मांडीवर येते. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, आपल्यापेक्षा अंश-दीड अंशाने जास्त. काचेतून येणाऱ्या गारव्यात ती ऊब फार गोड लागते. तुमच्या खिडकीबाहेर बर्फ नसेल. पुण्यात धुकं असेल, कोकणात कौलांवरून ठिबकणारं दव असेल, मुंबईत समोरच्या तारेवर पिसं फुगवून बसलेला कावळा असेल. तेवढ्यापुरतं नुसतं बघा. डबा, बस, ऑफिस सगळं तिथेच आहे, पाच मिनिटांनी हाक मारेलच. मलाही ती हाक येते. मग बूट, टोपी, हातमोजे चढवून मी फावडं घेऊन बाहेर पडते. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या, ही इथली रीत मला शेजारच्या आजींनी पहिल्याच हिवाळ्यात शिकवली. बाहेर राहणारी मांजरं रात्री उबेसाठी इंजिनाजवळ चढून बसतात. आजही मी थापा मारल्या आणि थोडी थांबले. कुणी बाहेर आलं नाही. पण गाडीच्या चाकापासून कुंपणापर्यंत गोल, लहान ठशांची एक ओळ गेलेली दिसली. मांजर मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच टाकतं, त्यामुळे दोनच पायांचं कुणीतरी चालत गेल्यासारखं वाटत होतं. वर खिडकीत मनी उभी होती आणि ती पण त्याच ओळीकडे बघत होती. मी फावडं दुसऱ्या बाजूने लावलं.