विंचवाचे बिऱ्हाड आणि मुके सोबती

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बहुधा थट्टेने वापरतो. ज्याचा मुक्काम आज येथे तर उद्या तेथे, त्याच्याविषयी स्थिर संसार करणाऱ्यांच्या मनात थोडी कीव आणि थोडा संशय असतोच. परंतु जन्मभर नोकरी करून, घर उभारून, मुलाबाळांना मार्गी लावून, साठी उलटल्यावर एखादे पतिपत्नी आपण होऊन असे बिऱ्हाड पाठीवर घेऊ लागले, तर त्यांना काय म्हणावे? विरक्त म्हणावे की बेजबाबदार? अमेरिकेत अशी जोडपी आज हजारोंनी आढळतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या संगतीला एखादे-दुसरे कुत्रे असते. त्यांच्या या भटकंतीतून जो नैतिक प्रश्न उभा राहतो, तो आपल्यालाही परका नाही.

ज्या वाहनातून ही मंडळी हिंडतात त्यास तेथे ‘आर. व्ही.’ म्हणतात, आपण त्याला चाकांवरचे घर म्हणू. त्यात बिछाना, शेगडी, फ्रीज, न्हाणी सर्व काही असते. स्वच्छ पाण्याची एक टाकी असते आणि मैल्याची निराळी असते. ती दुसरी टाकी भरली की नेमून दिलेल्या जागी नेऊन स्वतःच्या हातांनी रिकामी करावी लागते. या कामाला गडी मिळत नाही. काल जो कचेरीत साहेब होता, तो आज हातमोजे चढवून हे काम निमूटपणे करतो. अहंकार उतरवण्याचा इतका सोपा उपाय क्वचितच सापडेल!

१९५६ च्या कायद्यान्वये अमेरिकेने ४१,००० मैलांच्या हमरस्त्यांचे जाळे विणावयास घेतले. त्या रस्त्यांनी पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर पाच-सहा दिवसांत पोहोचता येते. परंतु या वृद्ध प्रवाशांना बहुधा तीच घाई नको असते. ओहायो राज्यातून निघालेल्या अशा एका जोडप्याची आपण कल्पना करू. बरोबर दोन कुत्री आहेत. एक म्हातारे, दुसरे अल्लड. ठरलेले एवढेच, की कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी दक्षिणेकडे उतरावयाचे. बाकी रस्ता नेईल तसे जायचे. कॅन्ससच्या सपाट गव्हाळ प्रदेशात दोन दिवस अधिक राहावेसे वाटले तर राहावे. न्यू मेक्सिकोत सांता फे या जुन्या नगरीसाठी वाट वाकडी करावी. शेवटी ॲरिझोनात क्वार्टझ्साइटच्या वाळवंटात, जेथे हिवाळ्यात अशी चाकांवरची वस्ती दूरवर पसरते, तेथे थंडी काढावी.

आता हा वानप्रस्थ मानावा काय? बाह्य साम्य तर मोठे आहे. गृहस्थाची कर्तव्ये आटोपल्यावर घराचा भार पुढच्या पिढीवर सोपवून बाहेर पडावे, हा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. परिव्राजकाने पावसाळ्यावाचून एका गावी फार काळ राहू नये, कारण मुक्काम लांबला की ममत्व जडते, असा दंडक होता. गंमत अशी, की अमेरिकेतील सरकारी मोकळ्या जमिनींवरही सर्वसाधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसांहून अधिक एका ठिकाणी तळ ठोकता येत नाही. हेतू वेगळा आहे. तेथे जमिनीची झीज वाचवावयाची असते, येथे मनाची. तथापि चौदाव्या दिवशी खुंट उपटताना, ‘ही जागा आपली नव्हती’ हा धडा दोघांनाही सारखाच मिळतो.

परंतु घर सोडले म्हणजे आसक्ती सुटली असे कोण म्हणेल? आपले राग-लोभ तर कुलुपात बंद करून मागे ठेवता येत नाहीत. उलट जेमतेम आठ फूट रुंदीच्या त्या घरात रुसून बसावयाला दुसरी खोलीही नसते. चाळीस वर्षांचा संसार मोठ्या घरात एकमेकांना चुकवून निभावता येतो. येथे तो समोरासमोर निभवावा लागतो. म्हणून केवळ भटकण्याला मी वैराग्य म्हणणार नाही. या प्रवासाची खरी कसोटी माझ्या मते दुसरीच आहे. यांनी काय काय सोडले हे विचारण्यापेक्षा, कोणाला सोडले नाही, हे विचारावे.

येथे त्या दोन मुक्या सोबत्यांचा प्रश्न येतो. आपले जोडपे ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर पोहोचले आहे. सुमारे एक मैल खोल आणि ४४६ किलोमीटर लांब अशी ती महादरी पाहण्याची इच्छा दोघांनी तरुणपणापासून बाळगली होती. काठावरच्या वाटेने कुत्र्यांना दोरीने धरून नेता येते. परंतु दरीत उतरणाऱ्या पायवाटांवर त्यांना मज्जाव आहे, आणि वन्य प्राण्यांच्या दृष्टीने तो योग्यही आहे. कुत्र्यांना बंद गाडीत ठेवून जावे, तर बाहेरची हवा सुखद असतानाही बंद मोटारीतील उष्णता दहा मिनिटांत सुमारे दहा अंश सेल्सियसने वाढू शकते. त्या उद्यानात कुत्री सांभाळण्याची जागा आहे खरी. पण म्हातारे कुत्रे परक्यांत अन्नाला तोंड लावत नाही. मग काय करावे? एके दिवशी पतीने थोडे उतरून यावे व पत्नीने काठावर बसावे. दुसऱ्या दिवशी पत्नीने उतरावे. ज्या दृश्यासाठी एवढा पल्ला गाठला, ते दोघांनी मिळून पाहणे नशिबी नाही. ज्यांच्यासाठी हा त्याग केला, त्यांना त्याची जाणीवही नाही!

अशा वेळी युधिष्ठिराची आठवण कोणाला होणार नाही? महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले. मागे राहिले एक कुत्रे. इंद्राचा रथ समोर उभा असताना, जो विश्वासाने मागे आला त्याला टाकून मला स्वर्ग नको, असे तो धर्मराज म्हणाला. ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता हे पुढे उघड झाले. परंतु नकार देताना युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते, यातच त्या नकाराचे मोल आहे. ठाऊक असते तर तो केवळ हिशेब ठरला असता.

प्रसिद्ध अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक यानेही वयाच्या ५८ व्या वर्षी, १९६० साली, ट्रकवर छोटेसे घर बसवून, चार्ली नावाच्या वयस्क पूडल कुत्र्यासह देशाची परिक्रमा केली. त्यावरील पुस्तक १९६२ साली निघाले. त्याच वर्षी त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. देश पाहावयास निघालेल्या या लेखकाला टेक्सासमधील ॲमरिलो येथे कुत्र्याच्या दुखण्यामुळे थांबावे लागले आणि चार्लीला पशुवैद्याच्या हाती सोपवावे लागले, हे त्याने त्या पुस्तकात सांगितले आहे. एवढ्या मोठ्या प्रवासाचा वेग एका मुक्या जनावराच्या प्रकृतीने ठरावा, यात मला कमीपणा दिसत नाही. आपल्या गतीला दुसऱ्याच्या दुखण्याने लगाम बसू देणे, यालाच आपण माणुसकी म्हणतो.

मात्र ममतेलाही विवेकाची दोरी हवी. १९८१ साली यलोस्टोन उद्यानात एका गाडीतून सुटलेले कुत्रे उकळत्या झऱ्यात पडले. त्याला वाचवावयास धन्याच्या मित्राने, एका २४ वर्षांच्या तरुणाने, त्या पाण्यात उडी घेतली. कुत्रेही गेले आणि तो तरुणही गेला. त्या प्रेमाला मूर्खपणा म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. परंतु खरे प्रेम संकटाच्या क्षणी उडी घेण्यात जेवढे असते, त्याहून अधिक ते आधी दार नीट लावून घेण्यात असते. रोजची दोरी, रोजचे पाणी, रोजची सावली, या नीरस गोष्टींतच जबाबदारी वास करते.

कोणी म्हणेल, ‘कुत्र्यांसाठी एवढे झुरणाऱ्यांनी घरच्या माणसांना मात्र सोडलेच ना? नातवंडे, आजारी भावंडे, जुने शेजारी यांचे काय?’ हा आक्षेप पोकळ नाही. ज्याच्या दाराशी कोणी खरोखर त्याच्या आधाराची वाट पाहत आहे, त्याने कुत्र्याला कुरवाळीत हजारो मैल हिंडावे, ही भूतदया नसून पळवाट होय. मुके प्राणी गाऱ्हाणे करीत नाहीत, म्हणून त्यांच्यावर प्रेम करणे सोपे. माणसे उलट बोलतात. तसेच हेही विसरू नये, की चाकांवर राहणारे सगळेच हौसेने राहत नाहीत. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घर परवडेनासे झाल्यामुळे कित्येक वृद्धांनी गाडीचा आसरा घेतला व ते गावोगावी हंगामी मजुरी करीत फिरले. जेसिका ब्रूडर या लेखिकेने २०१७ च्या आपल्या पुस्तकात त्यांची हकीकत मांडली आहे. निवडलेले बिऱ्हाड आणि लादलेले बिऱ्हाड बाहेरून सारखेच दिसते. म्हणून कोणाच्या पाठीवरचे ओझे पाहून लगेच निवाडा करू नये.

आणि शेवटी हा प्रवास संपतो कोठे? हात थरथरू लागतात, नजर अधू होते, चक्र हाती धरवत नाही. १९७८ साली स्थापन झालेल्या ‘एस्केपीज’ या भटक्या मंडळींच्या संस्थेने टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे अशांसाठी एक केंद्र उभारले. म्हातारपणामुळे वा दुखण्यामुळे ज्यांना पुढे जाता येत नाही, त्यांनी आपले चाकांवरचे घर तेथे उभे करावे, त्यातच राहावे, आणि दिवसा जेवणाची व देखभालीची सोय इतरांनी पाहावी. आयुष्यभर ‘पुढे चला’ म्हणणाऱ्यांनी, ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी थांबण्याची जागा करून ठेवली, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व भटकंतीहून थोर वाटते.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या नशिबी असा प्रवास नाही, आणि त्याची खंतही नको. परंतु उतारवयाचा प्रवास घरबसल्या माणसालाही चुकत नाही. नोकरी सुटते, अधिकार सुटतो, हळूहळू एकेक इंद्रिय रजा घेते. सोडावयाचे काय, ही निवड पुष्कळदा आपल्या हाती नसते. परंतु आपल्या मागून विश्वासाने चालत आलेला जीव कोण, हे ओळखणे मात्र अखेरपर्यंत आपल्या हाती असते. त्या महादरीच्या काठावर दोन कुत्र्यांच्या दोऱ्या हाती धरून, जोडीदार वर येण्याची वाट पाहत बसलेली ती वृद्धा दरीचा तळ पाहावयास उद्या उतरेल किंवा उतरणारही नाही. पण जे पाहावयास आपण सारे जन्मभर धडपडतो, त्यातले बरेचसे तिने तेथे बसल्या जागीच पाहिले, असे मला वाटते.