एलीयाची भाकर आणि आपली शिकणारी मुले



निकाल लागले की आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. काही जण पेढे घेऊन येतात. काही जण मिस्सा संपून सगळे बाहेर पडले तरी मागच्या बाकावर बसून राहतात. कधी ती आई असते, कधी वडील. कधी तो मुलगा किंवा ती मुलगी स्वतःच असते आणि बराच वेळ नुसते पायातल्या चपलांकडे पाहत राहते. पेढ्यांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. या रविवारी आपण मागच्या बाकाविषयी बोलू.

आपल्या मंद्रूपच्या मुलांचा दिवस कसा जातो हे आपण घरात पाहतोच. सकाळची एस.टी. पकडायची, विजापूर रस्त्याने सोलापूर गाठायचे. विद्यापीठात जायचे असेल तर तेथे गाडी बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुणे रस्त्यावर केगावला पोहोचायचे. पूर्वी आपली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करायची म्हटली तरी कोल्हापूरकडे डोळे लावून बसावे लागे. 1 ऑगस्ट 2004 रोजी आपल्या एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. 2019 साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. ज्या घरात आजोबांचा अंगठा उठत होता त्या घरातली नात आज पदवीला आहे. ही देवाची कृपाच आहे आणि तिच्याबद्दल आपण आभार मानले पाहिजेत. पण विद्यापीठ जवळ आले म्हणून मनावरचे ओझे हलके झाले, असे मात्र नाही.

घरातले पहिले कॉलेजात जाणारे मूल एकटे जात नसते. त्याच्या पाठीवर अख्खे घर बसलेले असते. फीसाठी गहाण ठेवलेले डोरले, विकलेली म्हैस, धाकट्या बहिणीचे थांबलेले शिक्षण, सगळे काही. ते मोजून दाखवायची गरज नसते, मुलांना ते न सांगता कळते. त्यात भाषेचा घोळ. आपल्या भागात कित्येक घरांत चुलीपाशी कानडी बोलतात, शाळा मराठीत होते आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फळ्यावर एकदम इंग्रजी येते. बारावीपर्यंत वर्गात पहिला असलेला मुलगा तेथे चार महिने एक प्रश्नही विचारत नाही. आपण मठ्ठ आहोत असे त्याला वाटू लागते. खरे तर तो एकाच वेळी दोन विषय शिकत असतो, एक यंत्राचा आणि एक भाषेचा, आणि गुण मात्र त्याला एकाचेच मिळतात.

याहून जड दुखणे आहे ते पदवीनंतरच्या वर्षांचे. आपल्या गावातली किती तरी मुले पुण्याला सदाशिव पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आसपास एका खोलीत चौघे-पाचजण राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. अभ्यासिकेची खुर्ची महिन्याने भाड्याने, जेवण मेसचे. एक वर्ष म्हणून गेलेला मुलगा पाच वर्षे तेथेच असतो. 2021 च्या मार्चमध्ये लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा पुन्हा एकदा पुढे ढकलली गेली तेव्हा हीच मुले पुण्याच्या रस्त्यावर उतरली होती. त्याच वर्षी मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहत राहिलेल्या एका तरुणाने आपले जीवन संपवले आणि सारा महाराष्ट्र हळहळला. अशा मृत्यूमागे एकच कारण असते असे कोणी समजू नये, आणि त्या घराच्या दुःखावर आपण बाहेरून निवाडाही देऊ नये. मात्र एक गोष्ट त्यातून दिसते. नापास होण्यापेक्षाही नुसते लटकत राहणे माणसाला अधिक झिजवते. नापास झालेला निदान दुसरी वाट धरतो. वाट पाहणारा गावी येईनासा होतो, कारण लग्नात, मयतीत, अगदी चर्चच्या दारातही त्याला एकच प्रश्न विचारला जातो: "काय मग, लागली का नोकरी?" बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपणच विचारतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशातील 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी 1,764 आपल्या महाराष्ट्रातील होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. आकडा एकदा वाचावा आणि बाजूला ठेवावा. त्यातल्या प्रत्येकाला घरी कोणी तरी नावाने हाक मारत होते.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय आपण मिस्सेत ऐकलेला आहे. एलीया संदेष्टा जीव घेऊन पळतो, रानात एका दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. ही गोष्ट आपण फार भराभर वाचतो. थोडे थांबून पाहिले तर तिच्यात काही चकित करणारे बारकावे आहेत.

पहिला बारकावा असा की एलीया हरलेला नव्हता. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याला मोठा विजय मिळाला आहे. म्हणजे मन खचते ते केवळ नापास मुलांचे, हा समज शास्त्रालाच मान्य नाही. पहिल्या वर्गात आलेली, सर्वांनी हार घातलेली मुलगीसुद्धा झुडपाखाली बसलेली असू शकते. दुसरे म्हणजे, रानात शिरण्यापूर्वी त्याने आपल्या सेवकाला बैरशेबा येथे मागे ठेवले. खचलेला माणूस असेच करतो. तो प्रथम सोबत सोडतो. फोन उचलत नाही, मित्रांचा गट सोडतो, जेवायला सर्वांबरोबर बसत नाही. पुढचे सगळे नंतर येते. आई-वडिलांनी लक्ष ठेवायचे ते येथे.

आणि देव काय करतो? एलीया मरण मागतो तेव्हा देव त्याला झिडकारत नाही. तुझा विश्वास कुठे गेला, असे विचारत नाही. इतर संदेष्ट्यांकडे बघ, असेही म्हणत नाही. एलीया झोपतो आणि देव त्याला झोपू देतो. मग देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो, तरी कोणी रागावत नाही. दुसऱ्यांदा देवदूत येतो, पुन्हा खायला सांगतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही हे देवाला ठाऊक आहे. चाळीस दिवसांची वाटचाल आणि होरेब डोंगरावरचे बोलणे हे सर्व त्यानंतर येते. उपदेश तर सोडाच, देव त्याला साधा प्रश्नदेखील भाकरीनंतर विचारतो.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा'मधला दुःखावरील उपायांचा भाग वर्गात आला होता. एवढा मोठा पंडित. वाटले, काही तरी गहन सांगणार. ते सांगतात की मनाला आनंद देणारी गोष्ट करावी, रडू आले तर रडावे, मित्राला आपले दुःख कळू द्यावे, सत्याचे चिंतन करावे, आणि शेवटी झोप व स्नान! वर्गात हशा पिकला. पण थॉमस यांचे म्हणणे अगदी सरळ होते: शरीर आणि आत्मा मिळून एक माणूस होतो, म्हणून आत्म्याच्या जखमेला शरीराच्या वाटेनेही औषध पोहोचते. परीक्षेच्या आधी तीन-तीन रात्री जागणाऱ्या मुलाला जपमाळ हातात देण्याआधी अंथरुणावर पाठवणे हे अधार्मिक नाही. जपमाळ सकाळीही होते.

आमच्या कानावर असेही येते की, मूल गप्प झाले की कोणी म्हणते बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणते विश्वास कमी पडला. देवऋषाकडे जाणारे आपल्यातही आहेत, उगाच मान खाली घालू नका. संत इग्नेशियस लोयोला यांचे चरित्र पाहा. 1522 साली मान्रेसा येथे त्यांच्या मनाला पापाच्या शंकांनी इतके पोखरले की जीव द्यावा असे विचार त्यांना येऊ लागले. त्यांनी आठवडाभर अन्न टाकले. त्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी काय सांगितले? उपास मोडा. पुढे हेच इग्नेशियस वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात लहान पोरांच्या बरोबरीने लॅटिनचे व्याकरण शिकले, आणि पॅरिस विद्यापीठाची पदवी मिळाली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. 'वय निघून चालले' म्हणणाऱ्यांनी हे घरी सांगावे. आणि छोट्या तेरेजाचे वडील, लुई मार्टिन? 1889 पासून तीन वर्षे ते मनोरुग्णालयात होते. मुली मठात गेल्या म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले, अशी कुजबुज गावात चाले. त्याच लुई मार्टिन यांना पोप फ्रान्सिस यांनी 18 ऑक्टोबर 2015 रोजी पत्नी झेली यांच्यासह संत म्हणून घोषित केले. वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला माणूस आज आपल्या वेदीवरचा संत आहे.

एका गोष्टीची भीती अजूनही घरोघरी आहे, तिच्याविषयी स्पष्ट लिहितो. ज्याने असे टोकाचे पाऊल उचलले त्याला चर्चमध्ये अंत्यविधी नाही, असे जुने लोक सांगतात. 1917 च्या धर्मविधीसंहितेत तसा नियम होता. 1983 च्या संहितेत तो राहिलेला नाही. जीवन हे देवाचे दान आहे ही शिकवण कायम आहे, पण मनाच्या गंभीर आजाराने माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे 1992 चा धर्मशिक्षण-ग्रंथ सांगतो. ज्या घरांनी हे दुःख सोसले आहे त्यांनी कोपऱ्यात उभे राहण्याचे कारण नाही. आम्ही त्यांच्यासाठी नाव घेऊन मिस्सा अर्पण करतो.

दुसरी भीती पोलिसांची. मुलाने जिवाला काही करून घेतले आणि तो वाचला, तर गुन्हा दाखल होईल म्हणून घरचे लपवतात, डॉक्टरांकडेही नेत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 2018 पासून लागू आहे. अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो, आणि तिला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. जुने 309 कलमही 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत उरलेले नाही. तेव्हा लपवू नका, न्या. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. रात्री-बेरात्री बोलावेसे वाटले तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. फोन फुकट, चोवीस तास आणि मराठीतून बोलता येते. पालकांनी आणखी एक करावे. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. आपल्या मुलाच्या कॉलेजात तो आहे का, हे प्राचार्यांना जाऊन विचारा. फी विचारायला आपण जातो, हेही विचारता येईल.

मुलगा म्हणाला, "मला जगावेसे वाटत नाही", तर "असे बोलू नये" म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. शेजारी बसा. सरळ विचारा, जिवाचे काही करून घ्यावे असे मनात येते का? विचारल्याने तसे विचार डोक्यात भरत नाहीत. उलट कोणी तरी विचारले म्हणून त्याला हायसे वाटते. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका आणि सकाळी डॉक्टरांकडे घेऊन जा. आम्हांला बोलवायचे असेल तर दार केव्हाही वाजवा, पण डॉक्टरांऐवजी आम्हांला बोलवू नका.

होरेबवर एलीयाची तक्रार होती की आपण एकटेच उरलो. देवाने त्याला सांगितले की अजून सात हजार जण आहेत, आणि परत पाठवताना अलीशाची सोबत जोडून दिली. सात हजार नाहीत, पण आपल्या धर्मग्रामात कॉलेजात जाणारी आणि परीक्षांची वाट पाहणारी जी मुले-मुली आहेत, त्यांच्यासाठी धर्मशिक्षणाची खोली पुढच्या सोमवारपासून संध्याकाळी सहा ते दहा उघडी राहील. दिवे आणि पंखा आहे, टेबले चार आहेत. कोणाच्या घरी आणखी एखादे असेल तर आणून द्यावे. तेथे कोणीही कोणाला गुण, निकाल किंवा नोकरी विचारणार नाही, हा एकच नियम. भाकरी आणि शेंगाचटणीची पाळी कोणत्या वारी कोणाची, ते महिला मंडळाने आज मिस्सेनंतर बसून ठरवावे.

आपले धर्मगुरू